मॅपफाइलमध्ये थेट लिहिलेले बिंदू नकाशावर दिसत नाहीत? आधी ते कुठे गेले ते शोधा

उन्हाळ्यातल्या पाणपोया, गणपतीतले कृत्रिम विसर्जन कुंड, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीभोवती केलेली पाण्याची आणि प्रथमोपचाराची सोय. नागपुरात असे थोड्या दिवसांचे नकाशे दरवर्षी लागतात. मॅपसर्व्हर (वेबवर नकाशाची चित्रं तयार करून देणारी प्रणाली) वापरणारे पुष्कळ जण त्यासाठी वेगळी शेपफाइल (नकाशाच्या डेटाची फाइल) किंवा डेटाबेस न करता मॅपफाइलमध्येच, म्हणजे नकाशा कसा काढायचा ते सांगणाऱ्या मजकुराच्या फाइलमध्येच, फीचर (एकेक जागा किंवा आकार) लिहितात. दहा-वीस जागांसाठी ते योग्यच आहे. पण दर हंगामात तोच फोन येतो: "सगळं लिहिलं, नकाशाही उघडतो, पण आमच्या जागा दिसत नाहीत." ही दुरुस्ती मी इतक्या ठिकाणी केली आहे की तपासणीचा क्रम आता पक्का झाला आहे. तोच इथे देतो.

मूळ मुद्दा आधी सांगतो, कारण त्यावर पुढचं सगळं उभं आहे. हाताने लिहिलेला आकडा चुकीचा असला तरी तो आकडा असतोच. मॅपसर्व्हर तो घेतो आणि जिथे पडेल तिथे बिंदू काढतो. तक्रार करत नाही, एरर देत नाही. त्यामुळे "दिसत नाही" याचा अर्थ बहुतेक वेळा "काढला आहे, पण भलतीकडे" असा असतो. फाइल पुसून पुन्हा लिहायला घेतलीत तर तीच चूक पुन्हा लिहिली जाते. बिंदू कुठे गेला ते कळलं की चूक कोणती तेही कळतं.

खाली मॅपफाइलचे शब्द आणि आकडे मी देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये शब्द रोमन लिपीत आणि आकडे इंग्रजीच हवेत. लेयर म्हणजे नकाशाचा एक थर, आणि प्रोजेक्शन म्हणजे आकडे कोणत्या मोजणीपद्धतीतले ते सांगणारी नोंद. ईपीएसजी ४३२६ हा अंशांतल्या अक्षांश-रेखांशांच्या पद्धतीचा क्रमांक. हा सांगाडा समोर असू द्या:

लेयर
  नेम "पाणपोई"
  टाइप पॉइंट
  स्टेटस डिफॉल्ट
  प्रोजेक्शन
    "इनिट=ईपीएसजी:४३२६"
  एंड
  फीचर
    पॉइंट्स ७९.०८ २१.१५ एंड
    टेक्स्ट "झिरो माईल"
  एंड
  क्लास
    स्टाइल
      सिम्बॉल "गोल"
      साइज १२
      कलर २०० ३० ३०
    एंड
    लेबल
      फॉन्ट "देवनागरी"
      साइज १०
      कलर ० ० ०
    एंड
  एंड
एंड

लक्षणं

तुमचं लक्षण यातलं कोणतं ते नीट बघा, कारण त्यावरून निम्मं निदान होतं.

नकाशा छान येतो, एरर नाही, फक्त तुमच्या जागा नाहीत. हे सगळ्यात जास्त आढळतं.

जागा दिसतात, पण शहराबाहेर, दुसऱ्या राज्यात किंवा थेट समुद्रात.

नकाशा कितीही सरकवा, चिन्ह वरच्या डाव्या कोपऱ्यालाच चिकटून राहतं.

नकाशाच येत नाही, त्याजागी "पार्सिंग एरर" आणि ओळीचा क्रमांक येतो.

आधी दिसणारे प्रभाग तुम्ही एक नवा बिंदू टाकल्याबरोबर गायब झाले.

तलावाचा आकार तुटका, तिरपा किंवा फुलपाखरासारखा येतो.

बिंदू आहे, पण नाव नाही. किंवा नावाच्या जागी चौकटी, किंवा जोडाक्षरं फुटलेली.

आधी फुकटातल्या गोष्टी

तुम्ही बदललेली फाइलच सर्व्हर वाचतो आहे का? एकाच फोल्डरमध्ये जुनी, नवी, "अंतिम" आणि "अंतिम दोन" अशा प्रती पडलेल्या असतात. विनंतीच्या पत्त्यात कोणत्या फाइलचा मार्ग आहे तो वाचा. खात्री करायची सोपी रीत म्हणजे फाइलमध्ये मुद्दाम एक चुकीचा शब्द टाकायचा. नकाशा तरीही नीट आला तर तुम्ही दुसरीच फाइल बदलत आहात. तपासून झाल्यावर तो शब्द काढायला विसरू नका.

पुढे कॅश. मॅपसर्व्हर दर विनंतीला मॅपफाइल नव्याने वाचतो, म्हणून बदल लगेच दिसायला हवा. दिसत नसेल तर मध्ये मॅपकॅश किंवा दुसरी टाइलची (नकाशाच्या तयार तुकड्यांची) व्यवस्था बसलेली असू शकते. ती आधी साठवलेली चित्रंच परत देते. टाइलच्या पत्त्याला वळसा घालून थेट मॅपसर्व्हरकडून एक चित्र मागवा. त्यात बिंदू असतील तर फाइल ठीक आहे, फक्त टाइल नव्याने करायच्या आहेत.

मग स्टेटस. सीजीआयने, म्हणजे मॅपसर्व्हरच्या पत्त्यावर थेट, चित्र मागताना स्टेटस "डिफॉल्ट" असलेला थर नेहमी काढला जातो. "ऑन" किंवा "ऑफ" असेल तर विनंतीत त्या थराचं नाव द्यावं लागतं. तपासणीपुरतं डिफॉल्ट ठेवा. डब्ल्यूएमएस सेवा (दुसऱ्या प्रोग्रॅमना ठरलेल्या पद्धतीने नकाशाची चित्रं देणारी) द्यायची असेल तर शेवटी ते बदला, नाहीतर कुणी कोणताही थर मागितला तरी तुमच्या पाणपोया त्यावर उमटत राहतील. डब्ल्यूएमएसमध्ये थर यादीतच नसेल तर मेटाडेटात "ओडब्ल्यूएस एनेबल रिक्वेस्ट" ही ओळ आहे का बघा. ती नसली की सेवा थर दाखवत नाही.

प्रमाणाची मर्यादाही इथेच पाहून घ्या. मॅक्सस्केलडिनॉम २५००० लिहिलं की नकाशा त्याहून दूर नेल्यावर थर निघून जातो. जुन्या थरावरून नक्कल केली की ही ओळ सोबत येते. शिवाय नकाशा अंशांत असूनही युनिट्समध्ये मीटर लिहिलं असेल तर प्रमाणाचा हिशेबच चुकतो आणि थर भलत्याच वेळी लपतो. मर्यादेच्या दोन्ही ओळी (मॅक्सस्केलडिनॉम आणि मिनस्केलडिनॉम) तात्पुरत्या बंद करा, म्हणजे शंका राहत नाही.

आता इतकं मागे या की सगळं जग दिसेल

या तपासणीला पैसा लागत नाही, वेळही फारसा लागत नाही, आणि बहुतेक दुरुस्त्या इथेच संपतात. नकाशाचा विस्तार पृथ्वीएवढा करा, बिंदूचा आकार मोठा ठेवा आणि शोधा.

बिंदू नॉर्वेच्याही उत्तरेला, आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांजवळ सापडला तर अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झाली आहे. मोबाइलवर जागेवर बोट दाबून धरलं की आधी अक्षांश येतो, मग रेखांश. लोक तो तसाच चिकटवतात. मॅपफाइलला आधी आडवा आकडा हवा, मग उभा, म्हणजे आधी रेखांश. नागपूरसाठी लक्षात ठेवायला सोपं आहे: ७९ आधी, २१ नंतर. हिंगण्याच्या बाजूला रेखांश ७९च्या थोडा खाली जातो, पण तिथेही मोठा आकडाच आधी.

इथे एक गोंधळ मुद्दाम सांगायला हवा. डब्ल्यूएमएसच्या १.३.० आवृत्तीत ईपीएसजी ४३२६ वापरून चित्र मागवताना विस्ताराची चौकट अक्षांश आधी लिहून द्यावी लागते. ते कुठेतरी वाचून काही जण मॅपफाइलमधलेही सगळे बिंदू उलटे करतात आणि चांगलं चाललेलं बिघडतं. तो नियम विनंतीचा आहे. फाइलमधल्या पॉइंट्सचा क्रम बदलत नाही. चाचणीसाठी ३८५७ मध्ये (वेब नकाशांच्या मीटरमधल्या वेब मर्केटर पद्धतीत) चित्र मागवलंत तर हा प्रश्नच येत नाही.

बिंदू आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात, शून्य अक्षांश आणि शून्य रेखांश जिथे मिळतात तिथे पडला असेल तर तुमचे अंश मीटर म्हणून वाचले गेले. नकाशा ३८५७ मध्ये आहे आणि तुमच्या थराला स्वतःचं प्रोजेक्शन नाही. थराला प्रोजेक्शन दिलं नाही की मॅपसर्व्हर नकाशाचंच प्रोजेक्शन धरून चालतो, आणि ७९ व २१ हे शून्यापासून ७९ मीटर पूर्वेला आणि २१ मीटर उत्तरेला होतात. उपाय म्हणजे थरात प्रोजेक्शन लिहिणं. पण नकाशाच्या पातळीवरही ते हवं. दोनपैकी एकाच ठिकाणी असेल तर रूपांतर होत नाही.

बिंदू गुजरातेत सुरत आणि बारडोलीच्या पट्ट्यात दिसला तर ही खास आपल्याकडची चूक आहे. यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीचे पट्टे सहा-सहा अंशांचे असतात. ७२ ते ७८ अंश पूर्व हा ४३वा पट्टा, ७८ ते ८४ हा ४४वा. मुंबई, पुणे, नाशिक आणि अमरावतीसुद्धा ४३ मध्ये येतात. यवतमाळ, वर्धा, नागपूर, चंद्रपूर, गोंदिया ४४ मध्ये. म्हणजे ही रेषा विदर्भाच्या अंगावरूनच जाते. पुण्या-मुंबईकडून आलेली मॅपफाइल नमुना म्हणून वापरली की तिच्यात ३२६४३ (४३व्या पट्ट्याचा ईपीएसजी क्रमांक) असतं, आणि आपल्या सर्व्हेचे आकडे ३२६४४ चे असतात. प्रत्येक पट्ट्यातले आकडे तेच ते पुन्हा येतात, म्हणून चुकीच्या पट्ट्यात वाचलेला फुटाळा तलाव बरोबर सहा अंश पश्चिमेला सरकतो. अक्षांश तसाच राहतो. अंतर सहाशे किलोमीटरच्या वर. थराचा क्रमांक ३२६४४ केला की तो परत अमरावती रोडजवळ येतो.

समोर आकडे आहेत पण ते कुठल्या पद्धतीतले हे कुणालाच माहीत नाही, असंही होतं. झिरो माईलच्या आसपासचे आकडे साधारण असे येतात: अंशांत ७९.०८ आणि २१.१५, यूटीएम ४४ मध्ये पूर्वेचा आकडा ३ लाखांच्या आसपास आणि उत्तरेचा २३.४ लाखांच्या, वेब मर्केटर ३८५७ मध्ये ८८ लाख आणि २४.१ लाख. यादीतला पहिला आकडा यांच्याशी ताडून बघा, पद्धत लगेच ओळखू येते.

बिंदू कोपऱ्याला चिकटला असेल तर थरात "ट्रान्सफॉर्म फॉल्स" शोधा. ती ओळ असली की पॉइंट्स हे चित्राच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासूनचे पिक्सेल समजले जातात. नकाशाखाली कॉपीराइटची सूचना लिहायला ती वापरतात, आणि लोक त्याच थराची नक्कल करून पाणपोया लिहायला घेतात. ७९ पिक्सेल उजवीकडे, २१ पिक्सेल खाली. ओळ काढून टाका.

बिंदू नागपुरातच आहे पण सहा-सात किलोमीटर चुकला आहे, तेव्हा अंश-मिनिटांचा संशय घ्या. २१ अंश ९ मिनिटं म्हणजे २१.१५, पण ते २१.०९ असं लिहिलं जातं. मिनिटांना ६० ने भागायचं असतं. ही चूक सगळ्यात घातक, कारण नकाशा बघताना ती खरी वाटते. दशांशानंतर किती आकडे ठेवावेत, असंही लोक विचारतात. चार आकडे म्हणजे साधारण ११ मीटरची अचूकता, पाच म्हणजे एक मीटरच्या आसपास. पाणपोईला पाच पुरेत.

पार्सिंग एरर येत असेल तर

हे त्यामानाने सोपं, कारण सर्व्हर ओळीचा क्रमांक सांगतो. पण चूक बहुधा त्या ओळीच्या वर असते. एखादा एंड राहिला की सर्व्हर पुढे वाचत जातो आणि जिथे अडतो तिथला क्रमांक देतो. पॉइंट्स, फीचर, स्टाइल, लेबल, क्लास, लेयर या प्रत्येकाला स्वतःचा एंड हवा. म्हणून सांगाड्यात दाखवल्याप्रमाणे ओळी आत सरकवून लिहा, राहिलेला एंड डोळ्यांनाच दिसतो.

मराठी कार्यालयांतून आलेल्या याद्यांमध्ये दोन गोष्टी हमखास सापडतात. एक, देवनागरी आकडे. एक्सेलमधली यादी मराठीत टाइप केलेली असते आणि तीच चिकटवली जाते. आपल्याला ७९ हा आकडा आहे, सर्व्हरला तो आकडा म्हणून ओळखता येत नाही. दोन, वळणदार अवतरण चिन्हं. वर्डमधून किंवा व्हॉट्सॲपवरून आलेल्या मजकुरात ती असतात. फाइलला सरळ चिन्हं लागतात. दोन्हींवर उपाय एकच: साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये शोधा आणि बदला.

पॉइंट्समध्ये स्वल्पविराम टाकू नका, आकड्यांमध्ये फक्त मोकळी जागा हवी. याच जागी डब्ल्यूकेटी पद्धतीने (आकार एका ओळीच्या मजकुरात लिहिण्याची रीत) भूमिती लिहायची असेल तर मात्र दोन जोड्यांमध्ये स्वल्पविराम लागतो. दोन पद्धती मिसळल्या की एरर येतो. शिवाय डब्ल्यूकेटी चालायला सर्व्हर जीईओएस किंवा ओजीआर या सॉफ्टवेअर लायब्ररींसह बांधलेला असावा लागतो.

टाइपची ओळ फीचरच्या वर असलीच पाहिजे. बिंदू, रेषा की बहुभुज हे आधी कळल्याशिवाय सर्व्हर आकडे वाचत नाही, तशी स्पष्ट सूचनाही देतो. आणि "पहिला शब्द मॅप असायला हवा" असा एरर आला, पण पहिला शब्द तर मॅपच दिसतो आहे, तेव्हा फाइल यूटीएफ-८ मध्ये बीओएमशिवाय जतन करा. जुन्या नोटपॅडसारखे एडिटर फाइलच्या सुरुवातीला बीओएम ही न दिसणारी खूण टाकतात.

एक बिंदू टाकला आणि प्रभाग गेले

हे लक्षण घाबरवतं, पण कारण साधं आहे. ज्या थराला डेटा किंवा कनेक्शन दिलेलं आहे त्यातच तुम्ही फीचर लिहिलं. अशा वेळी मॅपसर्व्हर हाताने लिहिलेलंच काढतो आणि बाहेरच्या डेटाकडे पाहत नाही. प्रभागांची फाइल सुरक्षित आहे. हाताने लिहिलेल्या जागांसाठी नेहमी वेगळा थर करा.

तो थर फाइलमध्ये कुठे ठेवता हेही महत्त्वाचं. आधी लिहिलेला थर आधी काढला जातो, म्हणजे खाली जातो. पाणपोया वरती आणि भरीव रंगाचे प्रभाग त्यानंतर लिहिले तर पाणपोया झाकल्या जातात. बिंदूंचा थर शेवटी ठेवा.

चिन्ह आणि आकार

बिंदूच्या स्टाइलमध्ये सिम्बॉल नसेल तर काहीही उमटत नाही. बहुभुजाला नुसता रंग पुरतो, बिंदूला पुरत नाही. तलावाच्या थरावरून स्टाइल उचलून बिंदूला लावली की हे होतं. सिम्बॉलचं नाव दिलं असेल तर ते चिन्ह सिम्बॉलसेटमध्ये किंवा त्याच मॅपफाइलमध्ये सांगितलेलं आहे का ते बघा.

प्रत्येक पाणपोईला वेगळं फीचर द्या. एकाच पॉइंट्समध्ये सगळ्या जोड्या लिहिल्या तर बिंदू सगळे येतात, पण त्यांना नाव एकच मिळतं.

बहुभुजात पहिला बिंदू शेवटी पुन्हा लिहावा लागतो, तरच आकार बंद होतो. फुलपाखरासारखा आकार आला तर बिंदूंचा क्रम बिघडला आहे. काठाने चालत गेल्यासारखे ते एकामागून एक हवेत, पण यादी एक्सेलमध्ये नावाने किंवा अक्षांशाने लावली की क्रम मोडतो. गांधीसागरच्या मधलं बेट तलावातून वगळायचं असेल तर त्याच फीचरमध्ये दुसरा पॉइंट्सचा गट लिहा. वेगळं फीचर केलंत तर बेटावरही पाण्याचाच रंग चढेल.

नावं: चौकटी, फुटलेली जोडाक्षरं, गायब लेबल

चौकटी दिसल्या तर फॉन्टमध्ये देवनागरी नाही. नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित देवनागरी सर्व्हरवर ठेवा, फॉन्टसेटच्या फाइलमध्ये त्याचं नाव आणि मार्ग लिहा आणि लेबलमध्ये तेच नाव वापरा. तुमच्या संगणकावर फॉन्ट असून उपयोग नाही, चित्र सर्व्हरवर तयार होतं.

अक्षरं येतात पण "दीक्षाभूमी"तला क्ष फुटतो, "वर्धा रोड"मधला रफार बाजूला पडतो किंवा ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाते, तर आवृत्ती तपासा. २०१५ साली आलेल्या ७.० आवृत्तीपासून मॅपसर्व्हर अक्षरजुळणीसाठी हार्फबझ ही लायब्ररी वापरतो. त्याआधीच्या आवृत्तीवर किंवा हार्फबझशिवाय बांधलेल्या सर्व्हरवर मॅपफाइल कितीही बदला, मराठी नीट येणार नाही. तिथे वेळ घालवू नका. सर्व्हर सांभाळणाऱ्यालाच सांगावं लागेल.

काही नावं येतात, काही येत नाहीत, असं असेल तर फॉन्टचा दोष नाही. बर्डी, इतवारी, महालसारख्या दाट भागात नावं एकमेकांवर येतात आणि मॅपसर्व्हर त्यातली काही गाळतो. लेबलमध्ये "फोर्स ट्रू" लिहिल्यावर सगळी येतात, पण गिचमिड होते. मी शक्यतो नाव छोटं करतो, किंवा प्रमाणाची मर्यादा लावून जवळ आल्यावरच ते दाखवतो.

जागेवर क्लिक केल्यावर वेळ, संपर्क अशी माहिती हवी असेल तर थराला टेम्प्लेट द्यावा लागतो. माहितीच्या रकान्यांची नावं प्रोसेसिंगच्या "आयटम्स" ओळीत स्वल्पविरामाने तोडून लिहायची, आणि प्रत्येक फीचरच्या आयटम्समधली मूल्यं अर्धविरामाने. दोन्हीकडे एकच चिन्ह वापरलं की सगळी माहिती पहिल्याच रकान्यात जाते. प्रत्येक फीचरमध्ये मूल्यांची संख्याही सारखी ठेवा.

ब्राउझर बाजूला ठेवून

इथवर येऊनही काही सापडलं नाही तर सर्व्हरच्या कमांड लाइनवरून चित्र काढा. ८.० आवृत्तीपासून या साधनाचं नाव मॅप२आयएमजी आहे, त्याआधी ते एसएचपी२आयएमजी होतं. मॅपफाइल आणि चित्राचं नाव द्यायचं, हवं तर फक्त एका थराचं नाव आणि विस्तार. नागपूरसाठी ७८.९५ २१.०५ ७९.२० २१.२५ हा अंशांतला विस्तार पुरतो, पण नकाशाचं प्रोजेक्शन ४३२६ असेल तरच. इथे बिंदू दिसले तर मॅपफाइल निर्दोष आहे आणि दोष वेब पानात, टाइलमध्ये किंवा विनंतीत आहे. इथेही दिसले नाहीत तर दोष फाइलमध्येच आहे. शोधाची अर्धी जागा एका फटक्यात बाद होते, म्हणून ही पायरी मला फार मोलाची वाटते.

सोबत डीबग ३ किंवा ५ करा आणि एमएस एररफाइलचा मार्ग द्या. ती फाइल वेबवरून उघडेल अशा फोल्डरमध्ये ठेवू नका, तिच्यात सर्व्हरचे मार्ग आणि कधी कधी डेटाबेसचे तपशील उतरतात.

याही उपर अडलं तर थर कमी करत जा. नवी मॅपफाइल घ्या, तिच्यात एकच थर, एकच फीचर, झिरो माईलजवळचा एक बिंदू. तो दिसला की एकेक ओळ परत आणा. ज्या ओळीनंतर बिंदू जातो ती ओळ दोषी.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

"प्रोज डीबी सापडत नाही" असा एरर आला तर तो सर्व्हरच्या स्थापनेचा दोष आहे. प्रोजेक्शनची माहिती जिथे असते तो मार्ग हरवला आहे. दुसऱ्या विभागांचे नकाशे त्याच सर्व्हरवर चालत असतील तर स्वतः हात घालू नका, एकाचं सुधारताना चार ठिकाणी बिघडतं. ८.० वर आल्यानंतर सगळेच नकाशे एकदम बंद पडले असतील तर बहुधा सर्व्हरची नवी कॉन्फिगरेशन फाइल नाही किंवा तिच्यात तुमच्या फोल्डरला परवानगी नाही. तेही सर्व्हर सांभाळणाऱ्याचं काम.

सगळे बिंदू एकाच दिशेने, सारख्याच अंतराने थोडे सरकलेले दिसतात आणि वरच्या कोणत्याही कारणात बसत नाहीत, तेव्हा आकडे जुन्या टोपोशीटवरून घेतले आहेत का विचारा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या शीट एव्हरेस्ट दीर्घवर्तुळावर आधारलेल्या आहेत, मोबाइलचा जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर. बिंदू हाताने ढकलून बसवण्याचा मोह होतो, पण तसं करू नका. एका चौकात जुळलेला आकडा दुसऱ्या टोकाला चुकतो. हे रूपांतर जीआयएस शिकलेल्या माणसाकडून करून घ्या. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र नागपुरातच आहे, आणि या विषयात काम केलेली माणसं शहरात शोधली तर मिळतात.

जागा वाढत चालल्या, किंवा दुसरं कुणी रोज त्या बदलणार असेल, तर मॅपफाइलमध्ये लिहिणं थांबवा. माझ्या मते पन्नासच्या पुढे गेलं की जिओजेसन किंवा जिओपॅकेज फाइल करून ती ओजीआरने जोडावी. एक एंड चुकला तर सगळा नकाशा बंद पडतो, आणि भर मे महिन्यात पारा ४५च्या पुढे असताना पाणपोईचा नकाशा बंद पडलेला परवडत नाही. त्याच कारणाने, नकाशा खुला करण्याआधी यादीतल्या निदान काही जागांवर मोबाइल घेऊन प्रत्यक्ष जाऊन या. वर्धा रोडच्या अलीकडचा बिंदू पलीकडे दाखवला तर तहानलेल्या माणसाला उन्हात पूर्ण रस्ता ओलांडावा लागतो.

आणि प्लॉट, शेत किंवा लेआउटची हद्द असेल तर ती मॅपफाइलमध्ये हाताने लिहूच नका, कुणी कितीही घाई केली तरी. हद्दीची मोजणी भूमी अभिलेख विभागाचा भूकरमापक करतो. त्यांच्याकडून आलेली रेषाच जोडा, आणि ती येईपर्यंत तो थर ऑफ ठेवा.